लेक सुपिरियरच्या काठी रात्री चमकणारे दगड: टॉर्च, किनारा आणि नियम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मागच्या उन्हाळ्यात अमेरिकेत मिशिगन राज्याच्या उत्तरेकडच्या, लेक सुपिरियर तलावाला लागून असलेल्या अप्पर पेनिन्सुला भागात गेला होतात, म्युनिसिंगजवळच्या बीचवर रात्री ऑनलाइन मागवलेला जांभळ्या उजेडाचा टॉर्च मारत बराच वेळ फिरलात, एकही दगड चमकला नाही, आता सप्टेंबरमध्ये नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन परत चाललाय, तर टॉर्च खराब होता की जागा चुकली, आणि सापडलेच तर घरी आणलेले चालतात का.

दोन्ही चुकलं, पण जागा जास्त चुकली. आणि खरं सांगू का, काही सापडलं नाही ते एका परीनं बरंच झालं, कारण तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून तो बीच पिक्चर्ड रॉक्स नॅशनल लेकशोरच्या हद्दीतला वाटतो आणि तिथून साधा खडाही उचलायला बंदी आहे. त्यावर येतेच पुढे.

आधी आपण शोधतोय काय ते नीट डोक्यात बसू दे, म्हणजे कुठे बघायचं ते आपोआप कळतं. युपरलाइट म्हणून ज्याचे फोटो सगळीकडे फिरतात तो म्हणजे सायनाइट, ग्रॅनाइटचा भाऊबंद म्हणा, फक्त यात क्वार्ट्झ जवळपास नसतं आणि मधेमधे सोडालाइट नावाच्या खनिजाचे कण आणि शिरा असतात. चमकतं ते सोडालाइट, बाकीचा दगड काळाच राहतो. २०१७ मध्ये दगड शोधत फिरणारे एरिक रिंटामाकी यांना हे सुपिरियरच्या काठी यूव्ही (अतिनील) टॉर्चखाली सापडले, नावही त्यांनीच दिलं, मग मिशिगन टेक आणि सस्कॅचेवान युनिव्हर्सिटीत तपासणी झाली आणि २०१८ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेलं चमकणारं सोडालाइट म्हणून त्याची नोंद झाली. दगड अर्थातच त्याच्या हजारो वर्षं आधीपासून तिथेच पडलेले होते, लोक दिवसा त्यांच्यावर पाय देऊन ॲगेट (अकीक) शोधत होते, कारण उन्हात हा दगड इतका सामान्य दिसतो की कोणी वाकून बघणार नाही. करडा, थोडी गुलाबी झाक, काळे ठिपके, झालं.

आता महत्त्वाचं. हे दगड मूळचे मिशिगनचे नाहीत. त्यांचं घर तलावाच्या पलीकडे कॅनडात, ऑन्टारिओमधल्या मॅरेथॉन गावाजवळ, तिथल्या खडकांच्या पट्ट्याला कोल्डवेल कॉम्प्लेक्स म्हणतात, वय साधारण ११० कोटी वर्षं. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांनी तो खडक खरवडला, दक्षिणेकडे ढकलत आणला आणि बर्फ वितळल्यावर इथे टाकून दिला. मॅरेथॉन ते मिशिगनच्या काठावरचं ग्रँड मरे गाव सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटर तरी होईल. म्हणजे हा पाहुणा दगड आहे, आणि पाहुणे दगड तिथेच सापडणार जिथे बर्फानं आणलेला सगळा मिसळलेला माल किनाऱ्यावर साचलाय.

म्हणून माझी पद्धत अशी की मी जागा दिवसाउजेडी बघून ठेवते, टॉर्च नंतर. किनाऱ्यावर उभं राहायचं आणि पायाशी बघायचं. एका नजरेत लाल, काळा, हिरवट, पांढरा, ठिपक्याठिपक्यांचा, पट्ट्यापट्ट्यांचा असे पाच-सहा जातींचे गोटे दिसले तर जागा चांगली. सगळे दगड एकाच रंगाचे, चपटे, कोपरे न झिजलेले असतील तर तो तिथल्याच कड्याचा तुटलेला माल आहे, त्यात पलीकडचा पाहुणा मिळणं कठीण. म्युनिसिंगच्या बाजूला नेमकं हेच होतं, तिथले कडे वालुकाश्माचे आहेत आणि बीचेस बऱ्याच ठिकाणी नुसती मऊ वाळू, फोटोला सुंदर, आपल्या कामाला शून्य. गोट्यांचा आकार अंड्यापासून मुठीएवढा असला की उत्तम. त्याहून बारीक खडीतही असतात पण नखाएवढा तुकडा चमकलेला बघून तुमची मुलगी खूश होईल, तुम्ही होणार नाही.

ग्रँड मरेच्या आसपास, तिथून पूर्वेला मस्कालाँज लेक स्टेट पार्कच्या बाजूचा किनारा, व्हाइटफिश पॉइंट, आणि पश्चिमेला किविनॉ पेनिन्सुला, या सगळ्या पट्ट्यात लोकांना मिळतात. नेमका अमुक बीच सांगा असं तुम्ही विचारलंय, ते मी मुद्दाम सांगत नाही, आणि लपवायचं म्हणून नाही हां. सुपिरियर एका वादळात किनारा बदलून टाकतो. गेल्या आठवड्यात गोटेच गोटे होते तिथे आज हातभर वाळू चढलेली असते, आणि उलटही. वसंतात बर्फ गेल्या गेल्या आणि शरद ऋतूतल्या वादळांनंतर नवीन माल उघडा पडतो, तेव्हा शोधायला सगळ्यात मजा. सप्टेंबर त्या हिशेबानं वाईट नाही. तुम्ही जायच्या दोनचार दिवस आधी जोराचा उत्तरेचा वारा होऊन गेला असेल तर नशीब समजा.

आता टॉर्च. तुमच्याकडचा तो बऱ्याच एलईडींचा टॉर्च जवळजवळ नक्की ३९५ नॅनोमीटरचा आहे (ही प्रकाशाची तरंगलांबी), स्वस्तातले सगळे तेच असतात. आपल्याला लागतो ३६५. तीसचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो पण ३९५ वर दिसणारा जांभळा उजेडच इतका पडतो की सगळा किनारा जांभळा होतो आणि त्यात दगडाची फिकट नारिंगी चमक बुडून जाते. अगदी काहीच दिसत नाही असं नाही, मोठा आणि सोडालाइटनं भरलेला गोटा ३९५ खालीही ओळखू येतो, पण दहातले आठ-नऊ सुटतात. ३६५ च्या एलईडीलाही थोडा पांढरट-निळा उजेड गळतो, म्हणून पुढे काळी काच असलेला घ्यायचा, झेडडब्ल्यूबी२ नावाची फिल्टरची काच असते ती. कॉन्व्हॉय एस२ प्लसचं यूव्ही मॉडेल बरेच जण वापरतात, मीही कधी कधी तेच नेते, पण त्याच धर्तीचे दुसरेही चालतात, ३६५ आणि काळी फिल्टर एवढं बघा. घरी तपासायला सोपं आहे, अंधाऱ्या खोलीत गडद रंगाच्या फरशीवर मारा, ठळक जांभळा गोल दिसला तर फिल्टर नाही किंवा ३६५ नाही. चांगला टॉर्च मारल्यावर वाटतं की हा चालूच नाहीये. पांढऱ्या कागदावर टेस्ट करू नका, कागद कुठल्याही यूव्हीखाली निळा पेटतो, त्यातून काही कळत नाही.

शॉर्टवेव्ह, म्हणजे याहून बऱ्याच आखूड तरंगलांबीच्या यूव्हीचा दिवा घ्यावा का असंही विचारतात लोक. न्यू जर्सीतल्या फ्रँकलिनच्या खाणींचे जे प्रसिद्ध दगड आहेत, हिरवं विलेमाइट आणि लाल कॅल्साइट, त्यांना शॉर्टवेव्ह लागतो. सोडालाइटला लॉन्गवेव्हच हवा, म्हणजे आपला ३६५ वाला. शॉर्टवेव्ह महाग, डोळ्याला आणि कातडीला जास्त घातक, इथे त्याचा उपयोग कमी, सोडून द्या.

चमक का येते हे मुलगी विचारेलच म्हणून सांगून ठेवते. सोडालाइटच्या स्फटिकात अणूंचे पिंजरे असतात, बहुतेक पिंजऱ्यांत क्लोरीन बसलेलं असतं, पण काही थोड्या ठिकाणी त्याच्या जागी गंधकाच्या दोन अणूंची जोडी अडकलेली असते. ती जोडी न दिसणारा यूव्ही प्रकाश शोषते आणि त्यातली थोडी ऊर्जा स्वतःकडे जिरवून उरलेली नारिंगी प्रकाश म्हणून परत सोडते. टॉर्च बंद की चमक बंद, त्याच क्षणी. उरते वगैरे काही नाही, आणि दगड किरणोत्सर्गी पण नाही, हे आजीआजोबांना आधीच सांगून ठेवा म्हणजे दगड घरात ठेवण्यावरून चर्चा होत नाही.

चालण्याची पद्धत. लोक उभ्यानं टॉर्च समोर लांब मारत भराभर चालतात, तसं केलं की काही मिळत नाही. कमरेच्या खाली धरा, पुढच्या दोन-तीन पावलांवर उजेड पडेल असा, आणि सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवत पाण्याला समांतर चला. मग त्याच पट्ट्यातून उलट दिशेनं परत या, कारण गोट्याची चमकणारी बाजू पलीकडे तोंड करून बसलेली असते, जाताना दिसलीच नव्हती ती येताना दिसते. हे लोक करत नाहीत आणि माझं निम्मं यश यातच आहे. ओल्या पट्ट्यात, जिथे लाट येऊन मागे सरकते तिथे, जास्त बघा, तिथले गोटे सतत उलथेपालथे होत असतात. दगड ओला असल्यानं काही बिघडत नाही, घोट्याएवढ्या स्वच्छ पाण्यातूनही चमक दिसते, फक्त लाट हलत असताना ती लुकलुकते आणि भास झाला असं वाटतं, म्हणून दोन सेकंद थांबून बघायचं.

आणि दिसला की तुम्हाला शंका राहणार नाही. करड्याकाळ्या दगडांच्या गर्दीत एकच गोटा आतून पेटल्यासारखा, राख झटकलेल्या निखाऱ्यासारखा दिसतो, बारीक नारिंगी-पिवळ्या रेषा एकमेकींना जोडत दगडभर पसरलेल्या, मधे काळी बेटं. काहींवर नुसते ठिपके असतात, काहींवर एखादीच शीर आरपार गेलेली. हातात घेऊन फिरवला की शीर कडेवरून वळून मागच्या बाजूला गेलेली दिसते, म्हणजे ती वरवर लागलेली नाही, दगडाच्या आत आहे.

हे शेवटचं लक्षात ठेवा कारण फसवणारं बरंच काही असतं. पाण्यापासून वर, कोरड्या मोठ्या दगडांवर नारिंगी डाग चमकतात ते पुष्कळदा दगडफूल असतं, नखानं खरवडलं की सुटतं. निळसर पांढरं चमकलं की प्लास्टिक, मासेमारीची दोरी, कपड्याचे धागे, पक्ष्यांची शिट. शेवाळ लालसर दिसतं. झगझगीत हिरवी काच मिळाली तर ती जुनी युरेनियमची काच असू शकते, ती मात्र मी उचलते, लाटांनी घासून गुळगुळीत झालेली फार सुंदर दिसते. कॅल्साइट फिकट पांढरं किंवा गुलाबी चमकतं. आणि सगळ्यात जास्त चमकतात तुमचे स्वतःचे मोजे आणि बुटांच्या लेस, डिटर्जंटमधल्या द्रव्यामुळे, पहिल्या रात्री सगळे जण त्यालाच दचकतात.

वेळेचा घोळ मात्र नीट समजून घ्या, कारण तुमचा प्लॅन इथेच फसू शकतो. काळोख हवा, चंद्र नको, अमावास्येच्या आगेमागे गेलात तर सर्वात छान. जूनच्या शेवटी तिकडे सूर्य मावळतो पावणेदहाच्या आसपास आणि नीट अंधार व्हायला अकरा वाजून जातात, आणि मिशिगनची स्टेट पार्कं दिवसाच्या पाहुण्यांना साधारणपणे रात्री दहाला बंद होतात. म्हणजे उन्हाळ्यात कायद्यानं वेळच उरत नाही, जोपर्यंत तुम्ही त्याच पार्कात कॅम्पिंगचं बुकिंग केलेलं नाही. सप्टेंबरच्या मध्यावर सूर्यास्त आठच्या सुमारास, नऊपर्यंत कामापुरता अंधार, हातात एक तास. म्हणून कॅम्पसाइट घ्या, मुलीला घेऊन जाताय तर तेच सोयीचं, थकली की पाच मिनिटांत तंबूत. ऑक्टोबरात सातला सूर्यास्त होतो आणि वेळ मिळतो पण थंडी वाजते, आणि कॅम्पसाइट चालू आहे का ते आधी बघावं लागतं.

आता कायद्याचं. मिशिगनच्या सरकारी जमिनीवरून स्वतःच्या हौसेसाठी वर्षाला माणशी २५ पौंड, म्हणजे साधारण ११ किलो दगड नेता येतात, विकायला नाही. ११ किलो खूप वाटतात, पण मुठीएवढा सायनाइट उचलून बघा, पटकन भरतात. पिक्चर्ड रॉक्स आणि आयल रॉयल ही राष्ट्रीय उद्यान खात्याची, तिथे एकही नाही, चमकणारा तर नाहीच, साधाही नाही. ग्रँड मरे गावात उतरलात आणि किनाऱ्यानं पश्चिमेला चालत सुटलात तर थोड्या वेळानं नकळत पिक्चर्ड रॉक्सच्या हद्दीत शिरता, अंधारात पाटी दिसत नाही, म्हणून नकाशा आधी बघून ठेवायचा किंवा सरळ पूर्वेकडे चालायचं. हद्दीत बघायला आणि फोटो काढायला कोणाची ना नाही, दगड तिथेच ठेवायचा एवढंच. राहिली खासगी घरं. २००५ च्या ग्लास विरुद्ध गेकल निकालात मिशिगनच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ग्रेट लेक्सच्या काठानं नेहमीच्या उच्च जलरेषेच्या खालच्या पट्ट्यात कोणीही चालू शकतं, पुढे खासगी घर असलं तरी. पण तो चालण्याचा हक्क आहे, लोकांच्या अंगणातून बीचवर उतरायचा नाही, आणि घरासमोरून दगड नेताना मालकाला विचारलेलं बरं. रात्री कोणाच्या खिडकीसमोर टॉर्च नाचवत फिरलं की माणूस बाहेर येतोच, आणि त्याचं काही चुकत नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला कोणी जाणार असेल तर पायपिंग प्लव्हर नावाचे छोटे संरक्षित पक्षी याच गोट्यांत घरटी करतात, अंडी गोट्यांसारखीच दिसतात, दोरी लावून बंद केलेल्या भागात रात्री अजिबात शिरू नका. सप्टेंबरात ते गेलेले असतात.

मुलीच्या दृष्टीनं दोन गोष्टी मी कडक पाळेन. पहिली डोळे. फिल्टरवाला टॉर्च मंद वाटतो म्हणून मुलं गंमत म्हणून एकमेकांच्या तोंडावर मारतात, आणि यूव्ही दिसतच नसल्यानं डोळा मिटायची प्रतिक्रियाही नीट होत नाही. यूव्ही ४०० लिहिलेले पारदर्शक सेफ्टी गॉगल दोघांनाही घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, आणि यूव्ही टॉर्च मोठ्यांच्याच हातात. तिला लाल उजेडाचा हेडलॅम्प द्या, त्यानं अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. तिचं काम शोधायचं, तुमचं काम उजेड मारायचं, यात भांडण पण होत नाही.

दुसरी पाणी. सुपिरियरला भरती-ओहोटी नावापुरती, काही सेंटिमीटर, म्हणून लोक निर्धास्त असतात, पण वाऱ्यानं आणि हवेच्या दाबानं सगळं पाणी एका बाजूला ढकललं जातं आणि मग परत येतं, सेश म्हणतात त्याला, पातळी थोड्या वेळात चढते. त्यात यूव्हीच्या उजेडात लाट दिसतच नाही, फक्त आवाज येतो. पाणी सप्टेंबरातही इतकं थंड की घोट्यापर्यंत गेलं तरी हाडं दुखतात, कोणी पडलं तर श्वास अडकतो. ज्या रात्री वाऱ्याचा अंदाज वाईट आहे त्या रात्री जाऊच नका. एडमंड फिट्झगेराल्ड हे सव्वादोनशे मीटर लांबीचं मालवाहू जहाज १० नोव्हेंबर १९७५ ला याच व्हाइटफिश पॉइंटच्या वायव्येला बुडालं, २९ च्या २९ माणसं गेली, हे त्या तलावाचं शरद ऋतूतलं रूप आहे. पाण्याच्या बाजूला मोठं माणूस, आतल्या बाजूला मूल, गोटे ओले असले की शेवाळानं घसरतात म्हणून घोटा धरणारे बूट. मोबाइलला रेंज बऱ्याच ठिकाणी नसते, कुठे जाताय ते कॅम्पवर कोणाला तरी सांगून जा, आणि परत यायला साधा पांढरा टॉर्च वेगळा ठेवा. थंडीत सेल लवकर बसतात, जादाचा सेल आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवायचा.

फोटोचं थोडक्यात. मोबाइल आपोआप सगळं निळं करतो, कारण कॅमेऱ्याला यूव्हीही थोडा दिसतो. एक्स्पोजर हातानं कमी करा, व्हाइट बॅलन्स लॉक करा, फोन दगडावर टेकवून नाइट मोडमध्ये दोन-तीन सेकंदांचा काढा आणि टॉर्च लांबून तिरका मारा. बाजूला पेटलेली लेस किंवा प्लास्टिक असेल तर आधी काढून टाका, नाहीतर तेच फोटो खातं.

घरी आणल्यावर साध्या पाण्यात जुन्या टूथब्रशनं घासा. व्हिनेगर किंवा बाथरूम साफ करायचं ॲसिड लावू नका, आम्लानं सोडालाइट खराब होतं आणि नेमका चमकणारा भागच जातो. साबण लावलात तर भरपूर पाण्यानं धुवा, नाहीतर दगडाच्या खाचांत निळी चमक दिसते आणि नवीन खनिज सापडलं असं वाटून लोक मला फोटो पाठवतात. पॉलिश करायचं असेल तर करता येतं, चमक आतपर्यंत असते, पण टंबलरमध्ये (दगड गोल फिरवत घासणारं यंत्र) ॲगेटबरोबर एकत्र टाकू नका, ॲगेट खूप कठीण, सोडालाइट कठीणपणाच्या दहाच्या मोजपट्टीवर साडेपाच-सहाच्या आसपास, ते आधी झिजतं आणि शिरांच्या जागी खळगे पडतात. मी तर तसेच ठेवते.

जायच्या तारखा पक्क्या झाल्या की चंद्र आणि वारा दोन्ही बघून सांगा, त्यातल्या कुठल्या रात्री बाहेर पडायचं ते मी सुचवते. तोवर टॉर्च बदला.